ट्यून केलेली छोटी टर्बो गाडी परत परत लिंप मोडला जाते, कोड पुसायच्या आधी हे बघा

लक्षण असं आहे. गाडी एरवी मस्त चालते, हळू चालवा, ट्रॅफिकमधे चालवा, काही तक्रार नाही. पण मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमधे २५०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबला की तीन-चार सेकंद जोरात ओढते आणि मग मागून कोणीतरी दोरी धरल्यासारखी एकदम पडते, चेक इंजिन लागतं, आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसल्यासारखी गाडी रखडत चालते, यालाच लिंप मोड म्हणतात. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की सगळं नॉर्मल. स्कॅनर लावला की पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब (बूस्ट) कमी. पुसला की कधी दोन दिवस ठीक, कधी तीन आठवडे ठीक, आणि मग परत तेच.

हे मी जवळजवळ दीड वर्ष भोगलंय. माझी १.४ लीटरची डायरेक्ट इंजेक्शन टर्बो हॅचबॅक आहे, ३८ हजार किलोमीटरला स्टेज १ रीमॅप केला (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवली, यालाच ट्यून म्हणतात), पहिली काही वर्षं एक रुपयाचा त्रास नाही, ९० हजारच्या आसपास हे सुरू झालं. आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जास्तीचा बूस्ट सोडणारा) बदलला, गेला त्रास, मी खूश. महिन्यात परत आला. मग बूस्ट कंट्रोलचा सोलेनॉइड (विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) बदलला, परत गेला, परत आला. मग मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा, रीमॅपमधल्या मॅपशी त्याचा संबंध नाही). तिन्ही वेळेला काम झाल्यावर गाडी काही दिवस खरंच नीट चालली, म्हणून मला वाटायचं की पार्ट तर बरोबर ओळखला होता, नवीन आणलेलाच खराब निघाला असेल. हे चुकीचं होतं. का ते खाली येईल, पण ज्याची गाडी प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे दिवसच बरी राहते त्याने एक प्रश्न स्वतःला नक्की विचारावा, की तो पार्ट बदलताना अजून काय काय उघडलं आणि परत बसवलं गेलं?

आधी कोड काय म्हणतो ते. पी०२९९ एवढंच सांगतो की ईसीयूने जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. टर्बो गेलाय असं तो म्हणत नाही, व्हॉल्व्ह गेलाय असंही म्हणत नाही. हवा कुठेतरी निसटत असेल, वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारं दार) पूर्ण बंद होत नसेल, कॅट (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) चोक झाला असेल, सेन्सर खोटं बोलत असेल, किंवा मॅपच (ट्यूनचं सॉफ्टवेअर) इतका हावरट असेल की तेवढा बूस्ट त्या टर्बोच्या आवाक्यातच नाही, सगळ्याला कोड एकच.

आणि स्टॉक, म्हणजे ट्यून न केलेल्या, गाडीला हा त्रास त्याच किलोमीटरला का होत नाही? होत असतो, दिसत नाही. समजा स्टॉक मॅप ०.८ बार बूस्ट मागतो आणि ट्यून १.२ मागतो. पाइपच्या जोडात बारीक गळती आहे. स्टॉकवर ईसीयू वेस्टगेट थोडा जास्त बंद करतो, टर्बो थोडा जास्त फिरतो, निसटलेली हवा भरून निघते आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. ट्यूनवर टर्बो आधीच शेवटच्या टोकाला राबतोय, ही छोटी टर्बाइन्स मिनिटाला दोन लाखाच्या वर फेरे मारतात, तिथे भरून काढायला शिल्लकच काही नाही. म्हणजे रीमॅपने गाडी बिघडवली असं सरसकट म्हणता येत नाही, पण झिजायला जी जागा कंपनीने ठेवली होती ती आपण पॉवरसाठी वापरून टाकलेली असते. ८०-९० हजाराला रबर, सील, प्लग, माउंट सगळंच थोडं थोडं झिजलेलं असतं, एकट्याने कुणीच दोषी नसतो, आणि म्हणून एक एक पार्ट बदलून हाती काही लागत नाही.

तर सगळ्यात आधी गाडी स्टॉक मॅपवर आणा. बरेच जण हे करत नाहीत कारण आपल्या पैशाने केलेली पॉवर काढून टाकायला जीवावर येतं (मलाही आलं). स्टॉकवर त्रास गेला म्हणून ट्यूनवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत, वर सांगितलं तसं, गळती तिथेच असते, फक्त झाकली जाते. स्टॉकवर आणायचं ते लॉग (चालवताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढण्यासाठी. त्या लॉगमधे वेस्टगेट ड्यूटी (ईसीयू वेस्टगेटला किती टक्के हुकूम देतोय) बघायची. बऱ्याच गाड्यांत ड्यूटीचा आकडा जास्त म्हणजे वेस्टगेट जास्त बंद, इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर त्याची पोझिशन टक्क्यात दिसते. स्टॉक बूस्ट मिळवायलासुद्धा ड्यूटी वर वर पळत असेल तर हवेच्या वाटेत किंवा वेस्टगेटमधे गडबड आहे, मॅपमधे नाही. ड्यूटी शांत आहे आणि फक्त ट्यूनवरच ती छताला टेकते, तर ट्यूनवाल्याशी बोला, त्याला मागणी कमी करायला सांगा.

लॉग काढताना दोन-तीन गोष्टींत मी तोंडावर पडलोय म्हणून सांगतो. साधा ब्लूटूथ अडॅप्टर हळू असतो, पंधरा चॅनल एकदम लावले तर सेकंदाला एखादं रीडिंग मिळतं आणि जिथे गाडी पडते तोच क्षण निसटतो, त्यामुळे पाच-सहाच लावा: आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी, इनटेकचं तापमान, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अँगल. दुसऱ्या फेरीत इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती उशिरा पडतेय), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब). गिअर तोच, रस्ता तोच, हवा साधारण तेवढीच गरम. आणि चालवणारा एक, लॅपटॉप बघणारा दुसरा, किंवा सरळ डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर पळवून मोजायचं मशीन) न्या.

मॅप सेन्सर ॲब्सोल्यूट प्रेशर दाखवतो, म्हणजे २२०० मिलिबार दिसले तर त्यातले साधारण १००० हवामानाचे, बूस्ट १.२ बारच. याच गोंधळात लोक ओव्हरबूस्ट होतोय म्हणून घाबरतात. उंचावर राहत असाल तर वजा करायचा आकडा अजून कमी, दर हजार मीटरला हवेचा दाब साधारण ११-१२ टक्क्यांनी उतरतो, आणि तोच बूस्ट द्यायला टर्बोला तिथे जास्त फिरावं लागतं. सेन्सर खरा की खोटा हे बघायची सोपी युक्ती, इग्निशन ऑन, इंजिन बंद, मॅप सेन्सरचं रीडिंग आणि बॅरोमेट्रिक रीडिंग जवळजवळ सारखं आलं पाहिजे. एवढं बघितलं असतं तर माझा सेन्सर मी बदललाच नसता, तो ठणठणीत होता. अजून एक, बऱ्याच गाड्यांतला स्टॉक सेन्सर २.५ बार ॲब्सोल्यूटच्या आसपासच वाचतो, त्याच्या वर काहीही झालं तरी ग्राफ सपाट दिसतो, त्या सपाट रेषेला स्थिर बूस्ट समजू नका.

थ्रॉटल अँगल का बघायचा, तर पाय शंभर टक्के असताना ईसीयू स्वतःच थ्रॉटल मिटवत असेल तर ती गळती नाही. टॉर्कची (इंजिनाच्या ओढीची) लिमिट ओलांडली किंवा बूस्ट मागणीच्या वर उडाला की ईसीयू असं करतो, आणि आतून ते अगदी गाडी पडल्यासारखंच जाणवतं. ट्यून अर्धवट केलेला असेल, एखादी लिमिट तशीच राहिली असेल, तर हे हमखास दिसतं.

आता गळती. माझी गाडी इथेच दीड वर्ष अडकली होती, म्हणून इथे जरा सविस्तर.

गळती कुठे आहे यावर लक्षणं बदलतात. एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत, सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या होजला चीर असेल तर न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली दुरुस्ती) वर जातात, पी०१७१ (लीनचा कोड) येऊ शकतो, आणि सोबत धूळही आत जाते जी कॉम्प्रेसरची पाती खाते. टर्बो ते थ्रॉटल या भागात गळती असेल तर उलटं, मोजलेली हवा बाहेर जाते, फुल लोडला गाडी रिच होते (पेट्रोल जास्त), काळा धूर टाकते, पण आयडलला ट्रिम एकदम सरळ. थ्रॉटलच्या पुढे गळती असेल तर आयडलला लीन आणि बूस्टमधे रिच, दोन्ही. आणि ज्या गाडीला मास सेन्सरच नाही, फक्त मॅप सेन्सरवर चालते, तिथे ट्रिम फारसे हलतच नाहीत, फक्त वेस्टगेट ड्यूटी चढते. माझी तशीच होती, त्यामुळे प्रत्येक वेळी मेकॅनिक ट्रिम बघून म्हणायचा, गळती नाहीये. तो त्याच्या हिशोबाने बरोबर होता.

स्मोक टेस्टही केली. काही नाही निघालं. स्मोक मशीन अगदी कमी दाबाने धूर सोडतं, व्हॅक्युमची गळती शोधायला ते झकास, पण एक बारच्या वर उघडणारा जोड त्यात दिसत नाही. त्यासाठी टर्बोच्या तोंडाला कॅप लावून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारत फिरायचं. ब्रीदरची (क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, वाफा बाहेर नेणारी) नळी बंद करा, नाहीतर तो सगळा दाब क्रँककेसमधे जाऊन सील उडवेल. एकदम भरू नका, जोडाच्या समोर तोंड धरू नका, डोळ्याला चष्मा लावा, पाइप सुटला तर गोळीसारखा येतो. हे पण केलं. एक बारला तीन मिनिटं धरलं, एक फुगा नाही आला. तिथे मी हरलो होतो खरं तर, टर्बोच काढायचा असं ठरवूनही टाकलं होतं.

मग एक साधी गोष्ट केली. बूस्टच्या हवेत ब्रीदरमधून आलेला तेलाचा बारीक फवारा नेहमीच असतो, त्यामुळे जिथून हवा निसटते तिथे तेल येतंच. सगळे जोड ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसले, प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून झिपटायने हलका बांधला, गरम भागापासून लांब ठेवून, आणि दोन जोरदार पुल मारून (फुल पायाने पळवून) आलो. इंटरकूलरमधून (बूस्टची हवा थंड करणारा रेडिएटर) वर थ्रॉटलकडे जाणाऱ्या प्लास्टिक पाइपच्या खालच्या जोडावरचा टिश्यू एका बाजूने, फक्त मागच्या बाजूने, तेलाने पिवळा झाला होता. उभ्या गाडीत तोच जोड एक बारला पक्का, आणि चालत्या गाडीत गळतो. का?

कारण चालत्या गाडीत इंजिन हलतं. आडवं बसवलेलं इंजिन फुल टॉर्कला मागे कलतं, ते धरून ठेवायला खाली एक टॉर्क माउंट असतं, ज्याला बरेच जण डॉगबोन म्हणतात. माझ्या माउंटचं रबर आतून फाटलं होतं. बाहेरून बघितलं तर अगदी नवीन वाटत होतं, पहारीने (जाड लोखंडी सळई, टायर लिव्हर काहीही चालेल) रेटल्यावर कळलं की धातूची बुशी रबरात नुसती लोंबकळतेय. स्टॉक २०० न्यूटन मीटरसाठी बनवलेलं रबर कितीतरी वर्षं २७० च्या झटक्यांखाली होतं, फाटणारच की. म्हणजे फुल पाय दिला की इंजिन दोन-अडीच सेंटीमीटर मागे जायचं, वरचा पाइप इंजिनसोबत ओढला जायचा, इंटरकूलर तर बॉडीला बोल्ट केलेला, तो जागचा हलत नाही, मग त्या दोघांमधला जोड वाकडा व्हायचा आणि चपटं झालेलं ओ-रिंग (जोडातलं गोल रबरी सील) एका बाजूने उघडायचं. पाय काढला की परत जागेवर. आणि तिन्ही वेळा जे पार्ट बदलले त्या प्रत्येक वेळी हात घालायला जागा व्हावी म्हणून हाच पाइप काढून परत बसवला होता. ओ-रिंग थोडं फिरून नव्या जागेवर बसायचं, काही दिवस धरायचं, मग परत तिथेच खड्डा पडायचा.

तेव्हा प्रेशर टेस्ट करताना दाब भरलेला असताना इंजिन लिव्हरने पुढे-मागे हलवून बघा. आणि एकदा थंड, एकदा गरम. गरम झाल्यावर प्लास्टिक नरम पडतं, काही जोड तेव्हाच बोलतात. बॉनेट उघडून हँडब्रेक आणि ब्रेक दाबून कोणाला तरी क्लच किंचित सोडायला लावला तरी माउंट किती हलतंय ते दिसतं, फक्त गाडीच्या पुढे उभं राहू नका.

माउंट नवीन टाकलं, दोन्ही ओ-रिंग नवीन टाकली, बस. कडक पॉलियुरेथेन माउंटचा मोह झाला होता पण त्याने स्टिअरिंगमधे जी थरथर येते ती रोजच्या गाडीला मला झेपत नाही, ज्याला चालते त्याने टाकावं. सिलिकॉन होज लावलेल्यांनी एक लक्षात ठेवा, साधं सिलिकॉन तेल पितं आणि घाम आल्यासारखं बाहेर सोडतं, आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेलंच घ्या. होज सटकत असेल तर क्लॅम्प आवळत राहू नका, होज कापली जाते. पाइपचं टोक आणि होज आतून तेल राहणार नाही असं पुसा. काही जण बसवताना केसाला मारायचा स्प्रे मारतात, ऐकायला येडचाप वाटतं पण वाळल्यावर चिकट धरतो खरा.

आता ज्यांना पी०२९९ येत नाही, पण गाडी बूस्टमधे अडखळते, झटके देते, पी०३०० किंवा पी०३०२ वगैरे मिसफायरचे (सिलिंडरमधलं मिश्रण न पेटण्याचे) कोड येतात, त्यांनी आधी प्लग काढा. सिलिंडरमधे दाब जितका जास्त तितकी ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे स्टॉकवर जो झिजलेला प्लग अजून वर्षभर चालला असता तो ट्यूनवर विझतो. गॅप (ठिणगी उडते ती फट) स्टॉकला ०.७ ते ०.८ मिलीमीटर असेल तर ट्यूनवाले बहुतेक ०.६ ते ०.७ ला आणायला सांगतात. कंपनी ६० हजार म्हणते म्हणून थांबू नका, मी २० ते २५ हजाराला बदलतो. एका नंबरने थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घेताना जपून, एनजीके कंपनीत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमधे नंबर वाढला की प्लग गरम, उलटा घेतला तर पिस्टनच्या जीवावर येईल. मिसफायर एकाच सिलिंडरला असेल तर कॉइल (प्लगला वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा, कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन या क्रमाने. डायरेक्ट इंजेक्शनमधे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बनचा थर बसतो आणि थंड इंजिनला आयडल खडबडीत होतं, अक्रोडाच्या टरफलाचा भुसा मारून तो साफ करतात, ॲडिटिव्हच्या बाटलीने तो निघत नाही. आणि मिसफायर घेऊन फिरू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटमधे जाऊन जळतं, कॅट वितळून चोक होतो, मग त्याच्या मागच्या दाबाने परत अंडरबूस्ट. एका प्लगवरून टर्बोपर्यंत गोष्ट अशी जाते.

पी००८७ येत असेल, म्हणजे रेल प्रेशर कमी, तर हाय प्रेशर पंपावर लगेच उडी मारू नका, टाकीतला पंप आणि फिल्टर आधी. पण काही इंजिनांचं दुखणं जगजाहीर आहे ते माहीत असावं. फोक्सवॅगन ग्रुपच्या जुन्या बेल्टवाल्या २.० टीएफएसआय मधे, इए११३ मधे, हाय प्रेशर पंप कॅमवर एका छोट्या फॉलोअरमधून (कॅम आणि पंपाच्या मधली धातूची टोपी) चालतो, तो फॉलोअर झिजून त्याला भोक पडतं आणि मग पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही खातो. तो तीन बोल्ट काढून हातात येतो, प्रत्येक दुसऱ्या ऑइल चेंजला बघण्याइतका सोपा आहे. माझदास्पीड ३ च्या २.३ लीटरमधे ट्यूननंतर पंप पुरा पडत नाही म्हणून लोक पंपाचे आतले भागच बदलतात, आणि खालच्या आरपीएमला जास्त टॉर्क दिला की त्याच इंजिनाचे कनेक्टिंग रॉड वाकतात. मिनीच्या २००७ पासूनच्या एन१४ मधे चेन टेन्शनर, पंप आणि कार्बन तिन्ही. ट्यून करायच्या आधी आपल्या इंजिनाचं असं जे एक दुखणं असेल ते शोधून आधी तेच मिटवा, नंतर पॉवर.

रॉडचा विषय निघालाच आहे तर. छोट्या टर्बोला १८००-२००० आरपीएमलाच सगळा टॉर्क देता येतो, आणि गाडी विकायला, दाखवायला ते फार भारी वाटतं, पण इंजिन मरतं ते तिथेच. कमी फेऱ्यात, वरच्या गिअरमधे, पाय दाबून, तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, एकच ठोका पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खाचेची कड) तोडायला पुरतो. नॉक (अवेळी पेटण्याचा ठोका) सेन्सरला कळेपर्यंत झालेलं असतं. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट याला हातभार लावतं असं दिसल्यावर ऑइलचे नियम बदलले, २०१८ ला एपीआय (ऑइलचं अमेरिकन मानक) एसएन प्लस आणि २०२० ला एसपी, दोन्हीत याची टेस्ट आहे, त्यामुळे डब्यावर एसपी आहे ना एवढं बघा. ट्यूनवाल्याला सांगून पूर्ण टॉर्क ३००० च्या आसपास आणायला लावा, वरची पॉवर तेवढीच राहते, गाडी फक्त खालून कमी ढकलते. मी हे माउंटनंतर लगेच करून घेतलं. आणि २००० च्या खाली गिअर उतरवा ना राव, पाय काय दाबता.

नॉक रिटार्डचं साधं गणित, एखाद्या पुलमधे दोन-तीन डिग्री इकडे तिकडे चालतं, पण प्रत्येक पुलमधे तेच सिलिंडर पाच-सहा डिग्री मागे येत असेल तर त्या सिलिंडरचं काहीतरी आहे. चारही एकदम मागे येत असतील तर पेट्रोल किंवा उष्णता. ९८ ऑक्टेनवर केलेला मॅप ९५ वर चालवला की गाडी चालते, पण टायमिंग मागे, एक्झॉस्ट गरम, गरम एक्झॉस्ट थंड करायला ईसीयू जास्त पेट्रोल ओततो, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमधे, ऑइल पातळ, आणि त्याच पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फिरतंय. होंडाच्या १.५ टर्बोत ऑइलमधे पेट्रोल मिसळायची तक्रार स्टॉक गाड्यांतच थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांत आली होती, तिथे ट्यून केल्यावर अजून लक्ष ठेवायला हवं. डिपस्टिकचा वास घ्या, पातळी आपोआप वाढत असेल तर आनंद मानू नका. ऑइल मी ७ हजाराला बदलतो, कंपनी काहीही म्हणो. पाणी गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं नाही, त्याला अजून पाच-सात मिनिटं लागतात, तोवर बूस्ट नको, आणि जोरात चालवून आल्यावर शेवटची काही मिनिटं हळू या, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच करपतं.

टर्बो खरंच गेला असेल तर. इनटेक पाइप काढून शाफ्ट हलवा, आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे खेळ चालत नाही, पाती हाउसिंगला घासली असतील तर संपलं. इंटरकूलरमधे तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बोला फाशी देऊ नका, तो ब्रीदरचा असतो. आणि निळा धूर येतो म्हणून नवीन टर्बो टाकला आणि परत धूर सुरू, ही तक्रार इतकी कॉमन आहे की काय सांगू. टर्बोचं ऑइल परत खाली स्वतःच्या वजनाने उतरतं, त्याला पंप नाही. ब्रीदर चोक होऊन क्रँककेसमधे दाब असेल तर ते उतरत नाही, मग सीलमधून बाहेर पडतं, टर्बो नवीन असो की जुना. आयडलला ऑइलच्या झाकणावर हात ठेवून बघा, झाकण उडवेल एवढा दाब येतोय किंवा सुटता सुटत नाही एवढं खेचतंय, दोन्हीत ब्रीदर आधी. नवीन टर्बोबरोबर ऑइलची फीड लाइनही नवीन घ्या, करपलेली जुनी साफ होत नाही, सुबारूच्या टर्बो इंजिनांत तर त्या लाइनच्या बोल्टमधे एक बारीक जाळी असते, ती चोक होऊन चांगले टर्बो मेलेत. जुन्याचे तुकडे इंटरकूलरमधे असतील तर ते पुढे इंजिनात जातात, तो काढून धुवा.

क्लचचं थोडक्यात. आरपीएम चढतोय आणि स्पीड चढत नाही, तर तो बूस्टचा प्रश्नच नाही, लॉगमधे दोन्ही शेजारी लावले की लगेच कळतं. फोक्सवॅगन ग्रुपचा सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२००, २५० न्यूटन मीटरसाठी आहे, त्यावर ३०० चा मॅप टाकून गिअरबॉक्स खराब निघाला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

माउंट बदलून आता १४ हजार किलोमीटर झाले, पी०२९९ एकदाही नाही. ट्यूनवर वेस्टगेट ड्यूटी जी ९० च्या वर जायची ती ६० च्या आसपास आलीये, इनटेकचं तापमान त्याच रस्त्यावर आठ-नऊ डिग्रीने कमी, ते बघून टर्बो दीड वर्ष किती उगाच पळत होता ते कळलं. त्याची किंमत थोडी दिसतेय, इंजिन पूर्ण गरम असताना पाय काढला की २२०० च्या आसपास पत्र्याच्या डब्यात खिळा वाजल्यासारखा बारीक आवाज येतो, वेस्टगेटच्या फ्लॅपची बुशी झिजलीये असं वाटतंय. बूस्ट अजून पूर्ण मिळतोय म्हणून हात लावला नाही, पुढच्या ऑइल चेंजला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) उतरवून फ्लॅप हाताने हलवून बघणार आहे.